सोळा क्रमांकावर पाच उपकरणे: लॅपटॉपमधील इंटरप्टविषयी वाचकांच्या शंका

या वेळी ठाणे आणि नवी मुंबई परिसरातून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांचा विषय जवळजवळ एकच आहे. लॅपटॉप अडखळतो, आवाज तुटतो, बाण उड्या मारतो किंवा पडदा निळा होतो, आणि कोणीतरी त्याचे निदान ‘आयआरक्यू कॉन्फ्लिक्ट’, म्हणजे प्रोसेसरला हाक मारण्याच्या एकाच वाटेवरून दोन उपकरणांचे भांडण, असे करून मोकळे होते. हे निदान आजच्या लॅपटॉपच्या बाबतीत क्वचितच खरे असते, पण त्यापोटी लोकांचा खर्च मात्र खरा होतो. म्हणून ही पाचही पत्रे एकत्र घेतली आहेत. पत्रे थोडक्यात दिली असून पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे वगळली आहेत.

प्रश्न : मी नेरुळला राहते आणि कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. माझा लॅपटॉप चार वर्षांचा आहे. गेल्या दोन महिन्यांपासून ध्वनिफीत लावली की आवाज तुटक येतो. शिवाय टचपॅड वापरताना पडद्यावरचा बाण आपोआप इकडेतिकडे जातो, आणि चार्जर लावलेला असताना हे जास्त होते. दुरुस्तीच्या दुकानात ‘आयआरक्यू कॉन्फ्लिक्ट आहे, मदरबोर्ड बदलावा लागेल’ असे सांगून चौदा हजार रुपयांचा अंदाज दिला. घरी येऊन भाच्याच्या मदतीने डिव्हाइस मॅनेजरमध्ये पाहिले, तर १६ या क्रमांकापुढे खरोखरच पाच उपकरणांची नावे दिसली. हाच तो कॉन्फ्लिक्ट का? मदरबोर्ड बदलावा का?

उत्तर : मदरबोर्ड सध्या बदलू नका. आपण जे पाहिले, तो कॉन्फ्लिक्ट नव्हे. एका क्रमांकावर पाच उपकरणे असणे ही पूर्णपणे नियमाला धरून असलेली गोष्ट आहे. ती का, हे समजून घेतले की पुढच्या वेळी दुकानात आपल्याला नेमका प्रश्न विचारता येईल.

कीबोर्डवरची कळ दाबली गेली, वाय-फायवरून मजकूर आला, ध्वनीचा साठा संपत आला, अशा वेळी संबंधित उपकरण प्रोसेसरला हाक मारते. प्रोसेसर हातातले काम बाजूला ठेवतो, त्या उपकरणाच्या ड्रायव्हरमधला, म्हणजे ते उपकरण चालवणाऱ्या आज्ञावलीतला, एक छोटा भाग चालवतो आणि पुन्हा आपल्या कामाकडे वळतो. या हाकेला इंटरप्ट म्हणतात, आणि ती ज्या वाटेने येते त्या वाटेच्या क्रमांकाला आयआरक्यू. १९८१ मध्ये आयबीएमने पहिला पीसी आणला तेव्हा अशा आठच वाटा होत्या. १९८४ च्या एटी या यंत्रात इंटरप्ट सांभाळणारी दुसरी चिप जोडली गेली; तिच्यासाठी पहिलीतली एक वाट खर्ची पडल्यामुळे वापरण्याजोग्या पंधरा उरल्या. त्या काळच्या आयएसए कार्डांना, म्हणजे संगणकात खोचायच्या जुन्या पद्धतीच्या जोडकार्डांना, एक वाट दोघांत वाटून घेणे सहसा जमत नसे. ध्वनिकार्ड आणि प्रिंटरचे पोर्ट एकाच क्रमांकावर आले की दोहोंपैकी एक मुके होई. ‘आयआरक्यू कॉन्फ्लिक्ट’ हा शब्द त्या दिवसांतला आहे, आणि त्या दिवसांत तो अगदी योग्य होता.

१९९२ मध्ये आलेल्या, उपकरणे जोडण्याच्या पीसीआय या रचनेने ही अडचण मुळातूनच सोडवली. ठाण्यातल्या एखाद्या जुन्या वाड्याची कल्पना करा. पाच बिऱ्हाडे आहेत आणि दिंडी दरवाज्यावर घंटेचे बटण एकच. नियम असा की, पाहुण्याने दार उघडेपर्यंत बटणावरचे बोट काढायचे नाही, आणि घंटा वाजली की प्रत्येक बिऱ्हाडाने ‘हा आपला पाहुणा आहे का’ हे पाहायचे. ज्याचा असेल त्याने त्याला आत घ्यावे, घंटा थांबते. दोन पाहुणे एकदम आले तरी कोणी बाहेर राहत नाही, कारण पहिला आत गेल्यावरही दुसऱ्याचे बोट बटणावर असतेच. पीसीआयच्या सामायिक वाटेचे काम असेच चालते. आपल्या १६ क्रमांकावरची पाच उपकरणे ही त्या वाड्यातली पाच बिऱ्हाडे आहेत.

त्यानंतर आलेल्या पीसीआय एक्स्प्रेसमध्ये तर इंटरप्टसाठी वेगळी तार उरलीच नाही. बहुतेक उपकरणे आता एमएसआय नावाच्या पद्धतीने, म्हणजे स्मृतीतल्या ठरावीक पत्त्यावर एक छोटा संदेश लिहून, प्रोसेसरला हाक मारतात. या पद्धतीत एका उपकरणाला बत्तीसपर्यंत, आणि एमएसआय-एक्स या तिच्या पुढच्या रूपात दोन हजार अठ्ठेचाळीसपर्यंत वेगवेगळे संदेश ठेवता येतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये काही उपकरणांपुढे उणे क्रमांक दिसतात, ती उपकरणे या पद्धतीने चालणारी असतात. उणे चिन्ह म्हणजे बिघाड नव्हे. त्याच यादीत ‘मायक्रोसॉफ्ट एसीपीआय-कंप्लायंट सिस्टिम’ या नावाच्या ओळींची रांगच्या रांग दिसते. तीही निर्धोक आहे. विंडोजच्या ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये ज्या शीर्षकाखाली ही माहिती येते त्याचेच नाव ‘कॉन्फ्लिक्ट्स/शेअरिंग’ असे आहे, आणि मला वाटते निम्मा गैरसमज त्या तिरक्या रेघेमुळे झालेला आहे: तिच्या डावीकडचा शब्द वाचून लोक घाबरतात, प्रत्यक्षात खाली दिसते ते बहुतेक वेळा उजवीकडच्या शब्दातले असते.

विंडोजला एखाद्या उपकरणासाठी साधनसामग्री खरोखरच अपुरी पडली, तर ती स्वतः तसे सांगते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणावर पिवळी खूण येते आणि गुणधर्म उघडले की ‘कोड १२’ असे दिसते. आपल्याकडे ही खूण नसेल, तर कॉन्फ्लिक्टची गोष्ट इथेच सोडून द्यावी.

आता आपल्या प्रत्यक्ष तक्रारीकडे वळतो. आपल्या पत्रात दोन बिघाड आहेत आणि ते एकमेकांशी संबंधित नसावेत, असे मला वाटते. दुकानदाराने दोहोंना एकाच नावाखाली घातले, तिथे चूक झाली.

पहिला बिघाड बाणाच्या उड्यांचा. सर्वांत आधी लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवा आणि डोळे टेबलाच्या पातळीत आणून पाहा. टचपॅड किंचित वर उचललेले, किंवा खालचे झाकण फुगलेले दिसले, तर आतली बॅटरी फुगली आहे असे समजावे. फुगलेली बॅटरी टचपॅडला खालून दाबते आणि बाण भरकटतो. तसे असल्यास चार्जर लावणे त्याच क्षणी थांबवा, ती दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नका, आणि अधिकृत सेवा केंद्रातून ती बदलून घ्या; हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही. बॅटरी ठीक असेल, तर चार्जर काढून अर्धा तास केवळ बॅटरीवर काम करा. उड्या थांबल्या, तर संशय वीजजोडणीच्या अर्थिंगवर घ्यावा. चार्जरमधून अतिशय थोडा प्रवाह लॅपटॉपच्या अंगापर्यंत झिरपत असतो. अर्थिंग नीट असेल तर तो जमिनीत उतरतो, नसेल तर धातूच्या पत्र्यावर हात फिरवताना मुंग्या आल्यासारखे वाटते आणि बोटाच्या विद्युतस्पर्शावर चालणारे टचपॅड गोंधळते. तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या कन्व्हर्टरमध्ये खोचला की अर्थिंगची पिन वायाच जाते. तो कन्व्हर्टर काढून, घरातल्या दुसऱ्या खोलीतल्या तीन पिनांच्या सॉकेटवर हाच प्रयोग करून पाहा. आपली इमारत जुनी असेल, तर परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घेणे लॅपटॉपपेक्षा घरातल्या माणसांसाठी अधिक महत्त्वाचे आहे.

दुसरा बिघाड तुटक आवाजाचा. इथे मात्र इंटरप्टचा संबंध असू शकतो, पण भांडणाचा नव्हे, दिरंगाईचा. टास्क मॅनेजर उघडून ‘सिस्टिम इंटरप्ट्स’ ही ओळ शोधा. ती एखादी आज्ञावली नाही. इंटरप्ट हाताळण्यात प्रोसेसरचा किती वेळ जातो, त्याची ती बेरीज आहे. काही काम चालू नसताना हा आकडा एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याखाली असावा. तो सतत पाच-दहा टक्क्यांवर राहत असेल, तर कोणते तरी उपकरण विनाकारण हाका मारीत आहे किंवा त्याचा ड्रायव्हर काम लांबवीत आहे. आकडा वाचताना एक ध्यानात ठेवावे: आठ लॉजिकल प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपमध्ये त्यांतला एक पूर्णपणे याच कामाला जुंपला गेला, तरी पडद्यावर साडेबाराच टक्के दिसतात. तेव्हा ‘बाराच टक्के तर आहे’ असे म्हणून सोडून देऊ नये.

आकडा जास्त असेल तर आधी बाहेरून जोडलेले सगळे काढा: माउस, पेन ड्राइव्ह, प्रिंटर, यूएसबी हब. फरक पडला नाही, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये एकेक उपकरण तात्पुरते ‘डिसेबल’ करून त्या ओळीकडे लक्ष ठेवा. वाय-फाय, ब्लूटूथ, कॅमेरा, कार्ड रीडर, ध्वनी, असा क्रम ठेवावा. एक बंद करा, मिनिटभर थांबा, आकडा पाहा, पुन्हा चालू करा, मग पुढचे घ्या. डिस्कचा नियंत्रक, प्रोसेसर, कीबोर्ड आणि ‘सिस्टिम डिव्हाइसेस’ या गटाला हात लावू नका. ज्या उपकरणापाशी आकडा झरकन खाली येतो ते आपले दोषी उपकरण. त्याचा ड्रायव्हर लॅपटॉपच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून, आपल्या नेमक्या मॉडेलसाठी दिलेलाच, नव्याने बसवा. त्रास विंडोज अपडेटनंतर लगेच सुरू झाला असेल, तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ने मागचा ड्रायव्हर परत आणून पाहावा.

हे करूनही उपयोग झाला नाही, तर बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना विंडोजच्याही आधी चालणारी मदरबोर्डवरची आज्ञावली, अद्ययावत करण्याचा विचार करावा. कोणत्या उपकरणाची हाक कोणत्या वाटेने जाईल, याचा तक्ता बायोस विंडोजच्या हाती देतो, आणि तो तक्ताच सदोष निघाल्याची उदाहरणे आहेत. हे काम सावधपणे करावे लागते. बॅटरी भरलेली आणि चार्जर जोडलेला हवा. पावसाळ्यात वीज ये-जा करीत असेल त्या संध्याकाळी ते करू नये. डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, चालू असेल तर ते आधी तात्पुरते स्थगित करावे आणि त्याची अठ्ठेचाळीस अंकी किल्ली कागदावर उतरवून ठेवावी. ही किल्ली नसल्यामुळे स्वतःच्याच फायलींना मुकलेली माणसे मी पाहिली आहेत, म्हणून हे आवर्जून लिहितो.

एवढे सगळे झाल्यावरही मदरबोर्डचा संशय उरला, तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी प्रणाली सुरू करून तासभर ध्वनिफीत ऐका. त्यासाठी डिस्कवर काहीही बसवावे लागत नाही. तिथे आवाज स्वच्छ आला, तर हार्डवेअर बहुधा शाबूत आहे आणि चौदा हजार रुपये खर्च करण्याचे कारण नाही. तिथेही तुटला, तर दुकानात जा, आणि ‘कोणत्या उपकरणामुळे, हे तुम्ही कसे ठरवले’ असे स्पष्ट विचारा. ज्याने खरोखर तपासले आहे तो कारागीर या प्रश्नाने रागावत नाही.

प्रश्न : मी ठाण्यात नौपाड्यात तबल्याची शिकवणी घेतो. काही विद्यार्थी परगावी असल्याने त्यांना इंटरनेटवरून शिकवतो आणि धडे ध्वनिमुद्रित करून पाठवतो. माइक यूएसबी ऑडिओ इंटरफेसमधून जोडला आहे. मुद्रणात दर काही सेकंदांनी ‘कट्’ असा आवाज येतो. संथ लयीत तो फारच खटकतो. इंटरफेसला स्वतंत्र आयआरक्यू दिला तर हे थांबेल, असे एका विद्यार्थ्याने सुचवले. तो कसा द्यावा?

उत्तर : तो देता येत नाही आणि देण्याची गरजही नाही. यूएसबीवरच्या उपकरणाला स्वतःचा आयआरक्यू नसतो. लॅपटॉपमधला यूएसबी नियंत्रक प्रत्येक उपकरणाकडे ठरलेल्या वेळी जाऊन विचारपूस करतो, आणि प्रोसेसरला हाक मारायची ती हा नियंत्रकच मारतो.

आपला त्रास वेळेच्या हिशेबाचा आहे, आणि तालाच्या माणसाला तो सहज कळेल. सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या वेगाने मुद्रण चालू असताना बफर, म्हणजे नमुने तात्पुरते साठवण्याची जागा, १२८ नमुन्यांचा असेल, तर संगणकाला दर २.६७ मिलिसेकंदांनी येऊन तो बफर रिकामा करावाच लागतो. दरम्यान दुसऱ्या एखाद्या ड्रायव्हरने प्रोसेसर तीन मिलिसेकंद अडवून ठेवला, तर समेवर यायला उशीर झाला. मधले नमुने गळतात आणि ‘कट्’ ऐकू येते. इंटरप्टचे तातडीचे काम २५ मायक्रोसेकंदांत आणि त्यामागून येणारे उरलेले काम १०० मायक्रोसेकंदांत संपवावे, असे मायक्रोसॉफ्टने ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना सांगून ठेवले आहे. सगळे ड्रायव्हर ते पाळत नाहीत.

कोणता ड्रायव्हर पाळत नाही, हे शोधण्यासाठी लेटन्सीमॉन हे साधन घ्या. ते चालू ठेवून दहा-पंधरा मिनिटे नेहमीसारखे वाजवा आणि मग ‘ड्रायव्हर्स’ या पानावर सर्वांत जास्त वेळ कोणी घेतला ते पाहा. वाय-फायचा ड्रायव्हर वर आला, तर मुद्रणापुरते वाय-फाय बंद करा आणि शिकवणीसाठी केबल वापरा. ‘एसीपीआय’चे, म्हणजे वीजव्यवस्थापन पाहणाऱ्या भागाचे, नाव आले, तर डिव्हाइस मॅनेजरमधील ‘बॅटरीज’ या गटात ‘कंट्रोल मेथड बॅटरी’ ही नोंद तात्पुरती बंद करून पाहा. बॅटरीत किती वीज उरली, हे अधूनमधून विचारले जाते, आणि काही लॅपटॉपमध्ये ती विचारपूसच वेळ खाते. आपला ‘कट्’ ठरावीक अंतराने येत असेल तर ही शक्यता आधी तपासा. हा प्रयोग चार्जर लावून करावा, कारण नोंद बंद असताना बॅटरीची पातळी दिसत नाही. मुद्रण झाल्यावर ती पुन्हा चालू करायला विसरू नये.

बफर १२८ वरून ५१२ करण्याचा उपाय सर्वांत सोपा आहे. मुदत १०.६७ मिलिसेकंदांपर्यंत वाढते आणि बहुतेक अडथळे तिच्यात सामावतात. वाजवताना आपलाच आवाज हेडफोनमध्ये उशिरा येईल, अशी शंका आपल्याला येईल. तर इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’चे बटण असल्यास ते दाबा, म्हणजे आवाज संगणकात न जाता थेट कानात येतो. परगावच्या विद्यार्थ्यापर्यंत आवाज पोहोचायला इंटरनेटवरच याहून कितीतरी जास्त वेळ लागतो, तेव्हा त्याच्या बाजूने या आठ मिलिसेकंदांचा विचार करण्याचे कारण नाही.

प्रश्न : मी कळव्याचा रहिवासी असून निवृत्त आहे. निळ्या पडद्यावर ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ अशी अक्षरे येऊन लॅपटॉप पुन्हा सुरू होतो. हा आयआरक्यूचाच बिघाड ना?

उत्तर : नाही. शेवटचे ‘एल’ हे अक्षर महत्त्वाचे आहे. ते ‘लेव्हल’ या शब्दाचे आहे. विंडोज आपल्या कामांना तातडीच्या पायऱ्या लावते, त्या पायरीला आयआरक्यूएल म्हणतात, आणि तिचा वाटेच्या क्रमांकाशी संबंध नाही. वरच्या पायरीवर चालणाऱ्या ड्रायव्हरने, त्या वेळी हात लावू नये अशा स्मृतीला हात लावला, की विंडोज सगळे थांबवून हा संदेश दाखवते. कारण बहुधा सदोष ड्रायव्हर असतो, कधी रॅमही असते. अलीकडे कोणते नवे उपकरण, अँटिव्हायरस किंवा व्हीपीएन बसवले ते आठवून आधी ते काढा. मग ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ रात्री लावून ठेवा. पडद्यावर खाली एखाद्या फाइलचे नाव येत असेल तर मोबाइलवर त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. दुरुस्ती करणाऱ्याला त्याहून उपयोगी काही नाही.

प्रश्न : मी ऐरोलीला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात आहे. विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपल्यामुळे बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवले. सुरुवातीला सर्व नीट चालते. अर्ध्या-एक तासाने ‘आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड’ आणि ‘डिसेबलिंग आयआरक्यू १६’ असे संदेश नोंदीत येतात आणि त्यानंतर यूएसबी माउस अडखळत चालतो. लिनक्स सुरू करतानाच्या पर्यायांत, इंटरनेटवर कोणी ‘नोएपिक’ लिहा म्हणतो, कोणी ‘पीसीआय नोएमएसआय’. नक्की काय करू?

उत्तर : या अंकातला हा सर्वांत नेमका प्रश्न आहे, कारण तुम्ही संदेश जसाच्या तसा लिहून पाठवला.

वर नेरुळच्या पत्राला दिलेल्या उत्तरातला वाडा आठवा. दारावरची घंटा वाजते आहे, पाचही बिऱ्हाडे डोकावून पाहतात आणि प्रत्येक जण म्हणतो, ‘हा माझा पाहुणा नव्हे’. घंटा मात्र थांबत नाही. लिनक्सचा गाभा (कर्नल) याचा हिशेब ठेवतो. एका वाटेवरच्या एक लाख इंटरप्टांपैकी ९९,९०० हून अधिक कोणीच आपले म्हटले नाहीत, तर तो ती वाटच बंद करतो, नाहीतर प्रोसेसर दुसरे काही करूच शकणार नाही. वाट बंद झाल्यावर तिच्यावरच्या निरपराध उपकरणांची हाकही ऐकू येत नाही. गाभा मग सेकंदाला सुमारे दहा वेळा स्वतःच त्यांच्याकडे डोकावतो. तुमचा माउस अडखळतो तो याचमुळे: माउस निर्दोष आहे, त्याच्या यूएसबी नियंत्रकाचा शेजारी दोषी आहे.

शेजारी कोण, हे शोधायचे. लॅपटॉप सुरू केल्याबरोबर ‘प्रोक’ या निर्देशिकेतील ‘इंटरप्ट्स’ ही फाइल वाचा. तिच्यात १६ च्या ओळीत शेवटी त्या वाटेवरच्या ड्रायव्हरांची नावे असतात आणि आधी प्रत्येक प्रोसेसरने घेतलेल्या इंटरप्टांची संख्या. ही संख्या दर मिनिटाला टिपून ठेवा. ती कधी उसळते, आणि त्या क्षणी तुम्ही काय करीत होता, झाकण मिटले होते का, वाय-फाय जोडत होता का, कार्ड घातले होते का, हे शेजारी लिहा. मग एकेका संशयित उपकरणाचे मॉड्यूल, म्हणजे गाभ्यातून वेगळा काढता येणारा ड्रायव्हर, काढून टाका आणि बायोसमध्ये ते उपकरण बंद करता येत असेल तर तसे करून पाहा. जुन्या लॅपटॉपमधली न वापरली जाणारी उपकरणे, म्हणजे कार्ड रीडर, फायरवायर, मॉडेम, आधी घ्या. ज्याला लिनक्समध्ये ड्रायव्हरच मिळालेला नाही, असे उपकरणही हाका मारू शकते आणि ते त्या ओळीत दिसणार नाही, हे लक्षात असू द्या. त्यासाठी पीसीआय उपकरणांची पूर्ण यादी वेगळी काढून, कोणापुढे ड्रायव्हरचे नाव नाही ते पाहावे लागते.

आता तुम्हाला मिळालेल्या सल्ल्यांविषयी. ‘नोएपिक’ लिहिल्याने लॅपटॉप १९८४ च्या पंधरा वाटांवर परत जातो, म्हणजे गर्दी वाढते. ‘नोएमएसआय’ने तर स्वतंत्र संदेश पाठवणारी उपकरणेही ओढून सामायिक वाटांवर आणली जातात. दोन्ही पर्याय तपासणीपुरते एकदा वापरून पाहण्यास हरकत नाही, कारण त्यांनी लक्षण बदलले तर दिशा कळते. पण कायमचे ठेवू नयेत. संदेशात सुचवलेला ‘आयआरक्यूपोल’ हा पर्याय माउसला काही प्रमाणात चालते करील, कारण त्यात गाभा प्रत्येक ड्रायव्हरला वारंवार विचारत राहतो. त्याची किंमत वेगात मोजावी लागते, आणि जुन्या लॅपटॉपकडे वेग आधीच थोडा असतो. अपराधी उपकरण सापडले आणि ते तुम्हाला लागत नसेल, तर त्याचे मॉड्यूल कायमचे काळ्या यादीत टाका. ड्रायव्हर नसलेलेच उपकरण अपराधी निघाले, तर ते बायोसमधून बंद करणे किंवा कार्ड काढता येण्याजोगे असेल तर काढून ठेवणे, हाच मार्ग.

तुमच्या अभ्यासक्रमात मायक्रोप्रोसेसर हा विषय असेल, तर ८२५९ या इंटरप्ट नियंत्रकाचा धडा या फाइलसमोर बसून पुन्हा वाचा. वर्गात कोरडा वाटणारा तो धडा इथे हलताना दिसेल.

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे. एका सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या) लेथला सीरियल केबलने प्रोग्राम पाठवण्यासाठी विंडोज ९८ चा जुना लॅपटॉप अजून वापरतो, कारण त्यावरची आज्ञावली नव्या संगणकावर चालत नाही. दुसऱ्या लेथसाठी सीरियल पोर्टचे पीसी कार्ड मिळवून बसवले. एकेक यंत्र चालवले की काम होते. दोन्हींना एकदम प्रोग्राम पाठवला की एकाचा प्रोग्राम मधेच तुटतो. एक जॉब त्यामुळे वाया गेला. केबल बदलून झाली. पुढे काय?

उत्तर : इतर चारही पत्रांना मी कॉन्फ्लिक्ट नाही असे लिहिले; आपल्याकडे तो आहे, अशी मला जवळजवळ खात्री वाटते. मूळ पोर्ट कॉम १ असणार आणि त्याचा आयआरक्यू ४. नव्या कार्डाने कॉम ३ हे नाव घेतले असेल, आणि रूढ वाटपानुसार कॉम ३ चाही आयआरक्यू ४ च. कॉम २ आणि कॉम ४ यांचा ३. या जुन्या पोर्टांची घंटा दाबून धरली जात नाही, ती एकदाच वाजते. दोन यंत्रे एकाच क्षणी हाक देतात तेव्हा एकाची हाक हरवते, आणि म्हणूनच एकेक चालवताना सर्व ठीक दिसते.

कार्डाला वेगळा क्रमांक द्यावा लागेल. लॅपटॉपच्या बायोसमध्ये इन्फ्रारेड पोर्ट असल्यास तो बंद करा, म्हणजे बहुधा ३ मोकळा होतो. प्रिंटर लावत नसाल तर पॅरलल पोर्ट बंद करून ७ मिळतो. ५ च्या मागे लागू नका, तो सहसा ध्वनीकडे असतो. त्यानंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या पोर्टचे गुणधर्म उघडून ‘रिसोर्सेस’मधील स्वयंचलित निवडीची खूण काढा आणि मोकळा झालेला क्रमांक द्या. खाली ‘कॉन्फ्लिक्टिंग डिव्हाइस लिस्ट’ दिसते, ती रिकामी असली पाहिजे. आपल्या आज्ञावलीत पोर्टचा पत्ता आणि आयआरक्यू वेगळे लिहावे लागत असतील, तर तिथेही तोच बदल करा. डॉसच्या काळातल्या बऱ्याच आज्ञावल्या कॉम ३ म्हणजे ४ असे गृहीत धरून चालतात.

क्रमांक वेगळे करूनही अक्षरे गळत असतील, तर पोर्टची चिप कोणती ते पाहा. ९६०० बॉड या वेगाला एक अक्षर सुमारे एका मिलिसेकंदात येते. १६४५० जातीच्या चिपमध्ये जेमतेम एका अक्षराची जागा असते, त्यामुळे तेवढ्या अवधीत प्रोसेसर पोहोचलाच पाहिजे. १६५५० ए मध्ये सोळा अक्षरे साठतात आणि सोळा पट सवड मिळते. ती असूनही वापरली जात नसेल, तर पोर्टच्या ‘ॲडव्हान्स्ड’ खिडकीत ‘फिफो’ची, म्हणजे याच साठवणीची, खूण लावा. तोवर दोन्ही लेथना एकाआड एक प्रोग्राम पाठवा, आणि पाठवलेला प्रोग्राम यंत्रातून परत मागवून मूळ फाइलशी जुळवल्याशिवाय जॉब चकमध्ये धरू नका.

या लॅपटॉपची हार्ड डिस्क पंचवीसेक वर्षांची असेल. ज्या आठवडी सुट्टीला दोन्ही यंत्रे बंद असतील, त्या दिवशी ती बाहेर काढून तिची संपूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या, आणि बायोसमध्ये बदल करण्याआधीच्या आणि नंतरच्या सर्व पानांची छायाचित्रे मोबाइलवर काढून ठेवा. त्या लॅपटॉपच्या बायोसची छोटी बॅटरी संपली, तर ही बसवलेली घडी पुसली जाईल आणि तीच छायाचित्रे आपल्याला पुन्हा लागतील.